गिटार की पेटी?

आमच्या चर्चमध्ये हल्ली एक वाद कायम रंगतो. तरुण मंडळी म्हणतात, उपासनेला गिटार, कीबोर्ड, ड्रम हवेत. ज्येष्ठ म्हणतात, आपली पेटी आणि तबलाच बरा. तुम्ही म्हणाल, हा तुमच्या चर्चचा प्रश्न, मासिकात कशाला? पण भजनी मंडळ असो की आरती, सगळीकडे हेच चाललंय. म्हणून लिहिते.

आधी वाद्यांचं बघू. 'आपली' पेटी मुळात १९व्या शतकात युरोपात जन्मली, हाताच्या भात्याची पेटी नंतर कलकत्त्यात झाली. आणि ज्याला आपण अस्सल चर्चचं वाद्य समजतो त्या ऑर्गनचा पूर्वज इ. स. पूर्व ३ऱ्या शतकात अलेक्झांड्रियात एका इंजिनिअरने (!) पाण्याच्या दाबावर चालवला. रोमन लोक तो आखाड्यातल्या खेळांत वाजवायचे. म्हणजे कुठलंच वाद्य जन्मतः धार्मिक नसतं.

मग खरा प्रश्न कोणता? माझ्या मते एकच. गातं कोण?

फादर स्टीफन्स हा इंग्रज माणूस, पण गोव्यात १६१६ साली त्याने 'ख्रिस्तपुराण' छापलं ते मराठी ओवीत. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, आपल्या शेजारच्या नगरला (आताचं अहिल्यानगर) राहून अभंग आणि भजनं लिहिली. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते सांगत. ही नुसती भाषेची हौस नव्हती. भजनात एक जण ओळ म्हणतो, बाकीचे मागून धरतात. पुस्तक नको, वाचता येण्याची अट नाही. आपल्या बीड जिल्ह्यातलं कुटुंब ऊसतोडीला गेलं तरी भजन कोपीवर सोबत जातं, त्याला लाईट लागत नाही!

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. इंग्रजी गीतं मला तोंडपाठ आहेत आणि आवडतातही. पण माझ्या आजीला त्यातली एक ओळ कळत नाही. तेच टिळकांचं भजन लागलं की पहिला सूर तिचा असतो.

गिटारला माझा विरोध नाही. विरोध आहे तो फुल्ल व्हॉल्यूमला. स्पीकर इतका मोठा, की शेजारच्याचा काय, स्वतःचाही आवाज ऐकू येत नाही. मग माणूस हळूहळू गायचं थांबतो आणि नुसत्या टाळ्या वाजवतो. स्टेजवर पाच जण गातात, बाकीची मंडळी प्रेक्षक! याला कार्यक्रम म्हणा, उपासना कशी म्हणायची?

आणि ज्येष्ठांनाही एक विनंती. गिटार घेऊन आलेल्या पोराला दारातून परत पाठवू नका. त्याला जुनी चाल शिकवा, तो ती गिटारवर धरेल.

एक सोपी टेस्ट सुचवते. शेवटचं कडवं सगळी वाद्यं, माईक बंद करून म्हणायचं. सगळ्यांचा आवाज भरून आला, तर वाद्य कुठलंही चालेल. नाही आला, तर वाद्य बदलून काही होणार नाही. होस्टेलच्या आरतीलाही करून बघा आणि सांगा, पटतंय का!