भिंतीला डीजे म्हणू नका

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. अर्ध्यावर सोडून "काका, पटलं नाही" असं लिहू नका. पुरती वाचा आणि मग खुशाल भांडा.

आमच्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीने यंदाच्या स्नेहसंमेलनातला एक तासाचा कार्यक्रम रद्द केला. कार्यक्रम होता माझ्या धाकट्या बहिणीच्या नातवाचा. वय वर्षे चोवीस. तो जुन्या रेकॉर्ड जमवतो आणि लोकांना ऐकवतो. क्युबा, ब्राझील, कोलंबिया, काँगो, अंगोला, केप व्हर्द, जिथे जिथे माणसं नाचतात तिथलं संगीत त्याच्याकडे आहे. इतिवृत्तात कारण एकाच ओळीत लिहिलंय: "डीजे आपल्या संस्कृतीत बसत नाही."

आता गंमत बघा. ह्याच कार्यकारिणीने गेल्या विसर्जनाला स्पीकरची भिंत मागवली होती. मंडळाचे हिशेब तपासायला दरवर्षी माझ्याकडे येतात, त्यामुळे बिल मी स्वतः पाहिलंय. बिलावर लिहिलं होतं "डीजे भाडे". म्हणजे रस्त्यावर खिडक्यांच्या काचा थरथरवणारा डीजे संस्कृतीत बसतो आणि सभागृहात बेताच्या आवाजात रेकॉर्ड लावणारा बसत नाही. बँकेत छत्तीस वर्षं काढली, एकाच नावाची दोन खाती असली की काय घोटाळे होतात ते मला ठाऊक आहे. इथे नेमकं तेच झालंय, म्हणून आधी खाती वेगळी करतो.

डीजे म्हणजे डिस्क जॉकी, तबकड्या वाजवणारा माणूस. डीजे हा माणूस आहे, यंत्र नव्हे. आपल्याकडे मात्र भाड्याच्या स्पीकरच्या थप्पीलाच डीजे म्हणायला लागले. बेळगाव-कोल्हापूरकडे तिलाच "डॉल्बी" म्हणतात. हा तर कहर आहे. रे डॉल्बी नावाच्या इंजिनिअरने 1965 मध्ये कंपनी काढली ती टेपमधली खरखर कमी करण्यासाठी. नको असलेला आवाज काढून टाकण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याचं नाव आपण गोंगाटाला दिलं! रेकॉर्ड निवडणाऱ्या माणसाचं नावही असंच भिंतीला गेलं.

आवाजाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45, ही मर्यादा. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. भिंतीला माझा विरोध आहे, मग ती विसर्जनातली असो, वरातीतली असो नाहीतर आमच्या किनाऱ्यावरच्या पार्टीतली. हृदयविकाराचा माणूस घरात असला की छातीत बसणारा तो ठोका काय असतो, ते ज्याचं त्याला कळतं. पण भिंतीचा राग त्या पोरावर काढणं म्हणजे एका कर्जदाराची थकबाकी दुसऱ्याच्या नावे टाकणं.

खरा डीजे कसा असतो ते सांगतो. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मॅन्कूसो नावाचा गृहस्थ होता. जन्म 1944, बालपण अनाथालयात. तिथली एक जोगीण मुलांना गोळा करून रेकॉर्ड लावायची, तो संस्कार त्याच्यावर राहिला. 14 फेब्रुवारी 1970 ला ब्रॉडवेवरच्या आपल्या राहत्या जागेत त्याने निमंत्रितांसाठी नाचाची मैफल भरवली. पुढे त्या जागेला "द लॉफ्ट" म्हणू लागले. तिथे दारूची विक्री नव्हती. काळे, गोरे, पोर्तो रिकोहून आलेले, ज्यांना बाहेर कुणी दारात उभं करत नव्हतं असे सगळे एकत्र नाचत. स्पीकर उत्तम प्रतीचे, पण आवाज कानाला त्रास होईल असा नाही. पुढेपुढे तर रेकॉर्ड पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत पूर्ण वाजू द्यायची, मध्ये लुडबूड करायची नाही, हा त्याचा नियम झाला. स्वतःला डीजे म्हणवून घेणंही त्याला फारसं आवडत नसे. आपण पाहुण्यांचे यजमान, असं तो म्हणायचा. 2016 मध्ये तो गेला.

ह्या माणसाने काय केलं? कॅमेरूनच्या मनू दिबांगोने 1972 मध्ये आपल्या देशाच्या फुटबॉल संघासाठी गीत केलं. त्याच रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला "सोल मकोसा" नावाचं गाणं होतं. अमेरिकेत ते कुणाला ठाऊक नव्हतं. मॅन्कूसोला ती रेकॉर्ड ब्रुकलिनमधल्या वेस्ट इंडियन लोकांच्या दुकानात सापडली. त्याने ती लावली, लोक वेडे झाले, रेडिओवाले मागे धावले आणि 1973 मध्ये गाणं अमेरिकेच्या लोकप्रिय यादीत जाऊन बसलं. पुढे मायकल जॅक्सननेही त्यातला तुकडा उचलला. एका माणसाने दुकानात बसून, कान देऊन एक रेकॉर्ड निवडली, त्याचं हे फळ. 1975 मध्ये त्याने आणि इतर डीजेंनी मिळून रेकॉर्ड पूल काढला. कंपन्यांच्या नव्या रेकॉर्ड एका ठिकाणी याव्यात आणि सगळ्या डीजेंना वाटून मिळाव्यात, ही योजना. आपल्याकडच्या पतपेढीसारखीच की!

आता दुसरा आक्षेप. "हे लॅटिन-बिटिन आपलं नव्हे." अहो, हे संगीत मुळात कुणा एकाचं नाहीच. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी आपले ताल क्युबात नेले, स्पॅनिश गाण्यांशी त्यांचा संसार झाला, त्यातून सोन आणि रुंबा आले. 1933 पासून एचएमव्हीने त्या क्युबन रेकॉर्ड "जीव्ही" मालिकेत काढून आफ्रिकेत विकायला पाठवल्या. काँगोतल्या लोकांनी त्या ऐकल्या, त्यांना आपलीच नाडी सापडली आणि काँगोचा रुंबा तयार झाला. 2021 मध्ये युनेस्कोने त्याला वारसा म्हणून नोंदवलं. पुढे आफ्रिकेतल्या रेकॉर्ड कोलंबियाच्या कार्ताहेना आणि बारांकिया या बंदरांत पोचल्या. तिथल्या रंगवलेल्या स्पीकरवाल्यांना "पिको" म्हणतात. आवाज त्यांचाही मोठाच, ते मी झाकत नाही. पण त्यांची खरी ऐट "ही रेकॉर्ड फक्त माझ्याकडे आहे" ह्याची. शेजारच्या पिकोवाल्याला नाव कळू नये म्हणून ते रेकॉर्डवरचं लेबल खरवडून टाकत! आमचा पोरगा नेमकं उलट करतो. प्रत्येक गाण्याआधी कोण गातंय, कुठल्या गावचं, कुठल्या सालचं, हे मराठीत सांगतो. वर कव्हर हातोहात फिरवतो. ह्याला उथळपणा म्हणायचं?

आणि आपल्या मराठी कानाला हे नवं आहे असं कुणी सांगू नये. पुणतांब्याचे सी. रामचंद्र, म्हणजे आपले चितळकर अण्णा. 1951 च्या "अलबेला"त त्यांनी बोंगो आणि मराकस वाजवून भगवानदादांना नाचवलं. भगवानदादा म्हणजे भगवान पालव, पक्का मराठी माणूस. आजही कुठल्याही लग्नात साठीच्या पुढचे काका हात हलवत नाचतात ते त्यांचंच नाचणं. अण्णांच्या जोडीला कोण होता? आमच्या हळदोण्याचा आंतोनियो शाव्हियर वाझ, ज्याला मुंबई "चिक चॉकलेट" म्हणून ओळखायची. 1950 च्या "समाधी"तल्या लता आणि अमीरबाईंच्या गाजलेल्या गाण्याची चाल तर सरळ पोर्तो रिकोच्या नावाच्या एका लॅटिन धाटणीच्या गाण्यावरून आलेली. आमच्या मडगावच्या ख्रिस पेरीने चा-चा-चा कोंकणीत असा बसवला की तो इथलाच वाटावा. चा-चा-चा बसवला हवानाच्या एन्रिके होरीन नावाच्या व्हायोलिनवाल्याने, 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला. तिथून तो मडगावला पोचायला फार वर्षं लागली नाहीत. आपला केरवा आठ मात्रांचा. लॅटिन ताल मोजून बघा, तीन-तीन-दोन, बेरीज आठच. बी.कॉम. माणसाला एवढं गणित येतं.

परकं म्हणून दार लावण्याची आपली सवय जुनी आहे आणि ती दरवेळी तोंडावर आपटली आहे. पेटीचं बघा. वाद्य युरोपातलं. 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने ते अपात्र म्हणून बंद केलं, पण म्हणून गोविंदराव टेंब्यांची पेटी परकी झाली का? आमच्या बोरीचे पं. तुळशीदास बोरकर आयुष्यभर पेटी वाजवून पद्मश्री झाले. आज कुठल्या भजनी मंडळात पेटी परकी म्हणून बाहेर ठेवतात, सांगा. नंतर 1952 मध्ये नभोवाणीमंत्री झाले बाळकृष्ण केसकर, मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा जाणकार. त्यांना सिनेसंगीतातली ही पाश्चात्य सरमिसळ खपत नव्हती, आकाशवाणीवरून सिनेगीतं हद्दपार झाली. काय झालं? लोकांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं, त्याच साली अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली आणि शेवटी 1957 मध्ये सरकारला विविध भारती काढावी लागली. केसकरांचा हेतू वाईट नव्हता. पण लोकांचे कान ठरावाने बदलत नाहीत.

आणि अमीन सायानी कोण होते हो? गाणं त्यांचं नव्हे, चाल त्यांची नव्हे. दुसऱ्यांच्या रेकॉर्ड ते निवडून, सांगून, प्रेमाने ऐकवत. त्यांच्यासाठी बुधवारी रात्री आपण सगळे रेडिओला चिकटून बसायचो. मग "तो पोरगा स्वतः काही वाजवत नाही, नुसती दुसऱ्यांची गाणी लावतो" हे कुठल्या तोंडाने म्हणता? ग्रंथपाल पुस्तकं लिहीत नाही म्हणून कुणी वाचनालय बंद करतं का?

आम्हा गोव्याच्या मराठी माणसांना ह्यात एक जादा गाठ आहे, तीही सोडून टाकतो. पोर्तुगीज भाषेतून, खिस्तांवांच्या घरातून जे आलं ते आपलं नव्हे, असं मनात कुठेतरी बसलेलं असतं. मी 1961 पूर्वीचा आहे. पणजीच्या एमिसोरा द गोआवर काय लागायचं ते ह्या कानांनी ऐकलंय. शेजारच्या घरातले बाप्पा आफ्रिकेतून नोकरी करून परतले होते, त्यांच्या सज्जातून संध्याकाळी ग्रामोफोन ऐकू यायचा. आई तुळशीपाशी दिवा लावायची तेव्हा पलीकडे लिस्बनचा नाहीतर लुआंडाचा कुणीतरी गात असायचा. दिव्याला काही झालं नाही. माझं मराठीही त्यामुळे बिघडलं नाही. आज आठवड्याला एक मराठी पुस्तक वाचतो.

आता खरी काळजीची गोष्ट. त्या घराची पुढची पिढी बाहेर गेली, घर विकलं, रेकॉर्ड किलोवर भंगारात गेल्या. अशी किती घरं मडगाव, म्हापसा, पणजीत रिकामी झाली! आमच्या पोराने भंगारवाल्यांकडून, बाजारातून, बंद घरांच्या मालकांना विनवण्या करून सातशेच्या वर रेकॉर्ड वाचवल्यात. धुऊन, पुसून, वहीत नोंदवून ठेवल्यात. वही मी पाहिलीय: गायक, साल, कंपनी, कुठून मिळाली, किती पैसे दिले. माझ्या शाखेतली खतावणी इतकी स्वच्छ कधी नव्हती. दिवसा कुरिअर कंपनीत नोकरी, शनिवारी रात्री कुठे बोलावणं आलं तर तिथे जाऊन वाजवणं, आणि मिळालेले पैसे पुन्हा रेकॉर्डमध्ये. लग्नाच्या बाजारात त्याची ओळख "डीजे आहे म्हणे" अशी कुजबुजून करून देतात. एका स्थळाने तेवढ्यावर नकार दिला. त्याची आई परवा म्हणाली, "मामा, त्याला सांगा ना हे विकून टाक म्हणून." मी सांगणार नाही.

कार्यकारिणीतले बहुतेक माझे मित्र आहेत, काहींची कर्जं मीच मंजूर केलीत, त्यामुळे स्पष्ट लिहायला संकोच नाही. तीन गोष्टी मागतो.

एक. रद्द केलेला तास परत द्या. सभागृह बंद, वेळ संध्याकाळी सहा ते सात, आवाज मी स्वतः मीटरने मोजतो. मोबाइलवर सोय आहे, बाहेर 55 च्या वर गेला तर तिथेच बटण बंद करतो.

दोन. विसर्जनाची भिंत कायमची बंद करा. ते पैसे ढोल-ताशाच्या मुलांना द्या, आमच्या घुमटवाल्यांना द्या. घुमट-शामेळ लागलं की आरतीला जी रंगत येते ती कुठल्या भिंतीने आणलीय?

तीन. ज्यांच्या माळ्यावर जुन्या रेकॉर्ड पडल्यात त्यांनी त्या भंगारात घालण्यापूर्वी एक फोन करावा. मराठी नाट्यगीतं असोत, कोंकणी कांतारां असोत, नाहीतर लुआंडाची नाव न कळणारी. पोरगा स्वतः येऊन नेईल आणि पावती देईल.

पुढच्या रविवारी सकाळी दहाला कार्यकारिणीची बैठक आहे. सभासदांना बसायला परवानगी आहे, घटनेत कलम आहे, मी वाचून घेतलंय. मी जाणार आहे. ज्यांना पटतं त्यांनी या. ज्यांना पटत नाही त्यांनी तर नक्कीच या, पण येण्याआधी पोराच्या घरी जाऊन एक रेकॉर्ड दोन्ही बाजूंनी ऐका. चहा त्याची आई चांगला करते.