विश्लेषण : दुर्मीळ खनिजांची कोंडी आवर्तसारणीत कशी दडली आहे?

४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात मूलद्रव्यांच्या आणि त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. तीन महिन्यांत झळ पुण्यापर्यंत आली. चुंबक मिळाले नाहीत तर ऑगस्टमध्ये चेतक ई-स्कूटरचे उत्पादन शून्यावर येऊ शकते, असे बजाज ऑटोने जुलैमध्ये सांगितले. ‘दुर्मीळ’ म्हणवली जाणारी ही मूलद्रव्ये फारशी दुर्मीळ नाहीत. त्यांतले सीरियम भूकवचात जवळपास तांब्याइतके आढळते. मग अडते कुठे?

तक्त्याखालची ओळ

शाळेच्या पुस्तकात आवर्तसारणीच्या तळाशी वेगळी काढलेली ओळ बहुतेकांनी सोडूनच दिलेली असते. लँथॅनम (अणुअंक ५७) ते ल्युटेशियम (७१) ही ती ओळ. अणुअंक एकने वाढला की एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन वाढतो. हा इलेक्ट्रॉन बाहेरच्या कवचात गेला, तर मूलद्रव्याचा स्वभावच पालटतो. सोडियम (२, ८, १) पाण्यात पेट घेते, शेजारचे मॅग्नेशियम (२, ८, २) थंड पाण्यात जवळजवळ ढिम्म राहते. लँथनाइडांत मात्र नवा इलेक्ट्रॉन बहुधा आतल्या, चौथ्या कवचात जातो आणि सर्वांत बाहेरचे दोन तसेच राहतात. रासायनिक व्यवहार बाहेरच्यांचा, त्यामुळे ही पंधरा भावंडे एकसारखी वागतात आणि खनिजातही एकत्रच सापडतात.

त्यांना वेगळे करायला आयनांच्या आकारातला जेमतेम एक टक्क्याचा फरक हाती उरतो. त्यावर विसंबून आम्ल आणि सेंद्रिय द्रावकांची प्रक्रिया शेकडो टप्प्यांत करावी लागते. हे कटकटीचे, घाण करणारे काम चीनने दशकानुदशके केले, इतरांनी सोडले. आज शुद्धीकरणाचा सुमारे ९० टक्के वाटा चीनकडे आहे. खरी मक्तेदारी खाणींपेक्षा इथे आहे.

मोटारीला हीच का लागतात?

त्याच आतल्या इलेक्ट्रॉनांमुळे. त्यांतले काही जोडीविना असतात, म्हणून निओडिमियमचे (६०) चुंबक इतके जोरकस. पण तापलेल्या मोटारीत ते ढिले पडतात. त्यावर उपाय म्हणजे थोडे डिस्प्रोशियम (६६) किंवा टर्बियम (६५). चीनच्या यादीत निओडिमियम नाही, ही दोन आहेत. नेम अचूक आहे.

भारताने नोव्हेंबर २०२५ मध्ये वर्षाला ६,००० टन चुंबक बनवण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरील मोनाझाइटमधून निओडिमियम मिळते. ६५ आणि ६६ मात्र त्यात नगण्य आहेत, त्यामुळे कारखाने उभे राहिले तरी ती बाहेरूनच आणावी लागतील.