कोठ्याचे बिऱ्हाड

दिवाळीच्या आवराआवरीत कपाट या भिंतीचे त्या भिंतीला नेणे, एवढाच आम्हां शहरवासीयांचा जड वस्तू हलवण्याचा अनुभव. त्यातही कुणाचे तरी बोट चेंगरते आणि पुढे दोन दिवस फराळापेक्षा कपाटाचीच चर्चा अधिक होते. पण वाचकहो, सबंध कोठाच उचलून न्यायची पाळी आली तर?

कोठा म्हणजे विदर्भातला गुरांचा गोठा. हा कोठा भंडारा जिल्ह्यातला. पवनीजवळ वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण झाले. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते त्याचा पायाभरणी समारंभ झाला आणि पुढे नदीकाठच्या कितीतरी गावांना आपली जागा सोडावी लागली. आमच्या आतेबहिणीचे सासर त्यांतलेच. मातीच्या भिंती कोण नेणार? त्या पाण्याला दिल्या. सागवानी कोठा मात्र सासऱ्यांनी सांधा न् सांधा सोडवून नव्या गावठाणात आणला आणि पुन्हा उभा केला. सासरे आता नाहीत, गुरेही नाहीत. कोठ्यात सरपण आणि बियाण्याचे धान असते.

गेल्या वर्षी नातवाला नेमक्या त्याच जागी खोली बांधायची होती. कोठा चाळीस फूट मागे गेला की झाले! सुताराने मात्र मान हलवली. एकदा उकलून बसवलेले सांधे ढिले झाले होते, पुन्हा उकलले तर निम्मे लाकूड सरपणातच जाणार. आजींनी तर एका वाक्यात निकाल दिला, "एकदा मोडून आणला, आता मोडायचा नाही."

जवळच्या भातगिरणीत पोती उचलणारी फोर्कलिफ्ट होती. नातवाला वाटले, तीन टनांचे यंत्र, कोठा सातआठशे किलोंचा, मग अडचण कसली? पण हे तीन टन वाटतात तितके सरळ नसतात, बरे का. या यंत्राची ताकद सहसा काट्यांच्या मुळापासून पन्नास सेंटिमीटरवर भार आहे असे धरून सांगतात. कोठा दहा फूट खोल, त्याचा मध्य दीड मीटर पुढे. चिमट्याच्या टोकाशी धरलेले पातेले जसे हात खाली ओढते, तसेच हे. भार जितका पुढे, तितकी मागची चाके हलकी. तीन टनांचे दीड टन इथेच झाले.

तरी वजन निभावले असते. खरी भीती जमिनीची. असे यंत्र स्वतःच चार टनांच्या पुढे भरते, चाके लहान आणि भंडाऱ्याची धानाची माती पावसाळ्यानंतर बरेच दिवस ओल धरून असते. एक चाक रुतले की कोठा कलंडणार. शिवाय कोठ्याला तळ नसतो. काटे घालायचे कशाखाली?

गिरणीचा चालक शहाणा माणूस. त्याने कार्तिकात नकार दिला आणि मार्गशीर्षात जमीन वाळल्यावर होकार. आधी कवेलू उतरवले, कारण छपराचा बराचसा भार त्यांचाच. खांबांभोवती खणले, जमिनीपासून फूटभर उंचीवर आडव्या बल्ल्या घट्ट बांधल्या, कोपऱ्याकोपऱ्यांत तिरके बांबू दिले. बल्ल्यांखालून दोन लोखंडी चॅनेल, ते काट्यांवर बसवून साखळीने जखडले. वाटेत लोखंडी पत्रे अंथरले.

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात ब्रुनो नावाचे एक गाव आहे. तिथे ३० जुलै १९८८ रोजी ३४४ माणसांनी एक सबंध कोठार हातांनी उचलून टेकडीवर नेले. भार साडेआठ टनांच्या घरात, म्हणजे माणशी पंचवीस किलो. गोसीखुर्दच्या समारंभाला तेव्हा तीन महिने झाले होते. आमच्याकडे तेवढी माणसे जमली असती की नाही, देव जाणे. बघायला मात्र नक्की जमली असती, आणि जमलीही.

त्या गर्दीनेच कामाला खोळंबा केला. उचललेल्या भाराखाली किंवा शेजारी कुणी उभे राहायचे नाही, हा पहिला नियम. सगळे मागे सरले, आजी सरेनात. एका खांबाला हात लावून उभ्या राहिल्या. चालकाने यंत्र बंद केले, खाली उतरला आणि म्हणाला, "आजी, तुम्ही घरात जाईपर्यंत मी किल्ली फिरवत नाही." पाच मिनिटे शांतता. मग आजी ओसरीवर गेल्या, पण दाराकडे पाठ करून बसल्या.

कोठा दोन फूट वर उठला. समोरचे काही दिसेना, म्हणून चालकाने यंत्र मागे मागेच नेले. चाळीस फुटांना अर्धा तास लागला. एका खांबाचा बुंधा वाळवीने खाल्लेला निघाला. तेवढा कापून खाली दगड दिला.

नव्या खड्ड्यांत माती ठोकून झाल्यावर आजी बाहेर आल्या. त्यांनी सांधे एकेक करून चाचपले आणि चालकाला विचारले, "जेवून जाशील ना बाबा?"