आपल्या नावाचा तोतया

यंदाच्या जानेवारीत सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेत माझं पाकीट गेलं. होम मैदानावर पाळण्यांच्या रांगेत गर्दी दाटली होती, एका हाताने नातवाला धरलं होतं, आणि बाहेर येऊन चहाचे पैसे द्यायला खिशात हात घातला तर खिसा मोकळा. रोख दीडेक हजार होती. शिवाय दोन बँकांची कार्डं, आधार, पॅन, गाडीचं लायसन, आणि एका कार्डाच्या पाठीला चिकटवलेली चिठ्ठी. त्या चिठ्ठीवर त्याच कार्डाचा पिन लिहिला होता. रात्रीच बँकांना फोन करून कार्डं बंद केली आणि सकाळी चौकीत गहाळ नोंद केली.

सातव्या दिवशी पोस्टमन पाकीट घेऊन दारात आला. पाकीटमार पुष्कळदा पैसे काढून बाकीचं टपालपेटीत टाकून देतात आणि टपालखातं ते आधारवरच्या पत्त्यावर पोचवतं. आत रोख सोडून सगळं जागच्या जागी होतं. घरात आनंद झाला, हिने देवापुढे साखर ठेवली. संध्याकाळी मुलीचा फोन आला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबा, सहा दिवस ती कार्डं कुणाच्या हातात होती?"

या वर्षीचा दिवाळी अंक 'ओळख' या विषयावर काढायचा, हे त्या प्रश्नाने ठरवलं.

एटीएम कार्ड बंद केलं की बँक नव्या क्रमांकाचं कार्ड देते, जुनं मरतं. आधारचं आणि पॅनचं तसं नाही. हरवलेल्या पॅनच्या जागी नवं मागवलं तरी त्यावर तोच क्रमांक छापून येतो. आधारचे बारा आकडेही जन्माला चिकटलेले. म्हणजे त्या सहा दिवसांत कुणी दोन्ही कार्डांचे फोटो काढून ठेवले असतील, तर ते फोटो पाच वर्षांनीही तितकेच ताजे. पाकीट परत आलं म्हणून ही गोष्ट मिटली, असं म्हणता येत नाही.

अशी दुसऱ्याची ओळख चोरणाऱ्याला मराठीत जुना शब्द आहे, तोतया. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले, पण पुण्यात कित्येकांच्या मनाने ते घेतलं नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी तर अखेरपर्यंत वैधव्य मानलं नाही. त्या आशेच्या फटीतून एक माणूस आत शिरला आणि 'मीच भाऊ' म्हणू लागला. पेशव्यांनी त्याला कैदेत ठेवलं होतं. १७७६ मध्ये तो रत्नागिरीहून सुटला, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, हजारो लोक त्याच्यामागे उभे राहिले. शेवटी महादजी शिंद्यांच्या फौजेने बंड मोडलं, समुद्रातून पळताना आंग्र्यांनी त्याला धरलं आणि पुण्यात त्याला देहान्ताची शिक्षा झाली. या हकिकतीत मला धीर देणारी गोष्ट एकच वाटते. खऱ्या भाऊंना जवळून पाहिलेली, त्यांचं बोलणं-चालणं ठाऊक असलेली माणसं तेव्हा पुण्यात हयात होती.

आज आपल्या नावाने कर्ज मागितलं जातं तेव्हा आपल्याला ओळखणारं कुणीही तिथे नसतं. मोबाइलवरच्या ॲपसमोर फक्त एक क्रमांक आणि एक फोटो येतो. एप्रिल २०२२ मध्ये अभिनेता राजकुमार राव याने जाहीरपणे सांगितलं की आपलं पॅन वापरून कुणीतरी २,५०० रुपयांचं कर्ज काढलं आणि त्यामुळे आपला सिबिल स्कोअर घसरला. ज्याचा चेहरा देश ओळखतो, त्याच्या नावावर हे होऊ शकतं. मग नव्या पेठेतल्या कापडदुकानात हिशेब लिहिणाऱ्याला ते कळणार कधी? घरासाठी कर्ज मागायला जाईल आणि नकार मिळेल, तेव्हा.

म्हणून पाकीट परत आल्यावर मी जे केलं, ते इथे सांगतो. देशात पतमाहिती ठेवणाऱ्या कंपन्या चार आहेत, सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. मी चारही मागवले, आणि आता दर तीन महिन्यांनी एकेक मागवतो. आपण न काढलेलं कर्ज त्यात दिसलं तर त्या कंपनीकडे आणि कर्ज देणाऱ्याकडे लेखी हरकत घ्यायची. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावाने किती सिमकार्डं चालू आहेत ते दिसतं, परका नंबर तिथूनच कळवता येतो. आधारच्या ॲपमधून बोटांचे ठसे कुलूपबंद केले, कारण आधारवर पैसे काढून देणाऱ्या यंत्रांवर नकली ठसे वापरून खाती रिकामी केल्याच्या घटना देशात घडल्या आहेत. ज्यांच्याकडे ॲप नाही, त्यांना आधारच्या १९४७ या मदत क्रमांकावर विचारता येतं. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर, आणि तोही त्याच तासात.

पिनच्या त्या चिठ्ठीबद्दल मात्र स्वतःला माफ करता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक बँकेचीही नसेल आणि ग्राहकाचीही नसेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्याला भुर्दंड पडत नाही. पण ग्राहकाच्याच निष्काळजीपणाने पिन दुसऱ्याच्या हाती गेला, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. माझ्या चिठ्ठीने ते छत्र मीच फाडून ठेवलं होतं.

आता पाकिटात एकच कार्ड आणि थोडी रोख असते. लायसन डिजिलॉकरमध्ये आहे, पोलिसांना तेवढं चालतं. आधार द्यावंच लागलं तर पहिले आठ आकडे झाकलेली प्रत देतो, आणि झेरॉक्सवर आडवं लिहितो, कशासाठी दिली आणि कोणत्या तारखेला. एका लॉजवर काउंटरवरच्या मुलाने तोंड वाकडं केलं. करू दे.

आधारवर माझा राग नाही, हेही स्पष्ट लिहितो. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. ज्याच्याकडे कसलाच कागद नाही, त्याच्याही हातात एक कागद असावा, हा विचार मोठा होता. सोलापूरला त्याचं मोल सांगायला नको. आपल्या पूर्वभागातल्या विडी वळणाऱ्या बायांनी एकेक कागद जमवत आयुष्य काढलं. विडी कामगाराचं ओळखपत्र, फंडाची पावती, रेशनकार्ड, मग आधार. त्यांचं तेलुगू आडनाव एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरं. कुंभारीच्या रे नगर या कामगार वसाहतीत १९ जानेवारी २०२४ रोजी १५,००० घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या, त्या किल्लीपर्यंत पोचायला किती झेरॉक्स लागल्या असतील! आणि त्या सगळ्या आज कुठे आहेत, कुणाच्या कपाटात, कुणाच्या मोबाइलमध्ये? वर्षानुवर्षं पानं कापून आणि तंबाखू हाताळून बोटांच्या रेघा झिजतात, रेशनच्या यंत्रावर ठसा उमटत नाही, दुकानदार म्हणतो उद्या या. अशा बाईला स्वतःची ओळख पटवायला चार खेटे पडतात. तिच्या नावाने दुसऱ्या कुणाला मात्र एक फोटो पुरतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क मध्ये ओळख चोरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे, पण तिने तक्रार कुठे आणि कोणत्या भाषेत लिहायची? प्रत्येक सेतू केंद्रात आणि प्रत्येक विडी कारखान्याच्या ब्रँचमध्ये १९३० आणि १९४७ हे आकडे मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत रंगवले जावेत, अशी या अंकातून महापालिकेला आणि पोलिसांना आमची जाहीर मागणी आहे.

दिवाळीची साफसफाई सुरू आहे. रद्दीवाला गाडा घेऊन गल्लीत फिरतोय. मागच्या रविवारी माळ्यावरून मी एक पिशवी काढली, तर आत पंधरा वर्षांचे कागद निघाले, बँकेची पासबुकं, पॅनच्या झेरॉक्स, सही केलेले कोरे अर्ज. दर दिवाळीला अशा पिशव्या मी किलोवर घातल्या आहेत. त्यातले कागद कुठल्या गाड्यावर भज्यांच्या पुड्या झाले, ते आता कसं कळणार! या वेळी अंगणात बसून एकेक कागद फाडायला घेतला. ते पाहून शेजारच्या अक्का आपलीही पिशवी घेऊन आल्या. त्यांनी चाळीस वर्षं विड्या वळल्या. अर्ज, पावत्या, चार वेगवेगळ्या स्पेलिंगांतलं त्यांचं नाव, आम्ही दोघांनी मिळून बारीक तुकडे केले आणि बादलीत भिजवले.

तळाशी त्यांचं विडी कामगाराचं जुनं ओळखपत्र होतं. कडा कुरतडलेल्या, फोटोत दोन वेण्या घातलेली पोर. मी फाडायला घेतलं तसं अक्कांनी माझं मनगट धरलं.

"ते नको रे," त्या म्हणाल्या. "ती मी आहे."