काच अडली; दोष मोटरचा की आमचा?

आमची मारुती एस्टीम जुनी आहे. १९९४ साली आलेले हे मॉडेल केव्हाच बंद झाले, तरी नांदगावहून मालेगावला कापड आणायला आम्ही अजून तीच गाडी काढतो. गेल्या उन्हाळ्यात ड्रायव्हरच्या बाजूची काच खाली गेली ती वर येईना. बटण दाबले की चार बोटे चढे आणि थांबे. शहरातल्या एका गॅरेजवाल्याने दार न उघडताच निकाल दिला, "मोटर गेली, सगळा सेट बदला." नवी मिळणे कठीण, म्हणून कुर्ल्याच्या भंगार बाजारातून मागवू म्हणाला.

गावात मोटर वाइंडिंग करणारे एक चाचा आहेत. त्यांनी आधी विचारले, "सेठ, खाली जाताना कशी जाते?" आम्ही म्हटले, झपकन. "मग मोटर बदलायची घाई कशाला?"

वास्तविक काच वर नेणारी व खाली आणणारी मोटर एकच असते. बटण फक्त करंटची दिशा उलटवते. मात्र खाली जाताना काचेचे वजन मदत करते, म्हणून एवढ्यावर चाचा थांबले नाहीत. इंजिन चालू करून पाहिले, कारण बॅटरी मंद असेल तर तेव्हा काच जोर धरते. फरक पडला नाही. टेस्ट लॅम्पने बटणापासून मोटरपर्यंतचा करंट तपासला. दाराच्या बिजागरीपाशी वायर वाकून वाकून तुटते, तीही पाहिली. मग दाराचे पॅनल काढले, काच टेपने चौकटीला पक्की केली, बोल्ट सोडून मोटर रिकामी फिरवली. दोन्हीकडे छान फिरली. शेवटी टेप सोडून काच हाताने सरकवली, तर ती हातालाही अडली!

काच ज्या रबरी खाचेतून सरकते ती उन्हाने वाळली होती, आत आमच्या भागातली धूळ ठासलेली. त्यात आम्हीच शिलाई मशीनचे तेल ओतले होते. तेलाने रबर फुगते आणि धूळ चिकटून बसते. साबणाच्या पाण्याने खाच धुतली, सुकवली, सिलिकॉन स्प्रे मारला. काच वर गेली. अडलेल्या काचेचे बटण दाबून धरू नका, असे चाचांनी बजावले. मोटर तापते आणि मग खरोखर जळते.

पार्ट एकही लागला नाही, दोन तास गेले. चाचांनी मजुरी सांगितली तेव्हा आमच्या तोंडून निघाले, "नुसती सफाईच तर केली!" मोटरचे पैसे देण्याची तयारी ठेवून बसलेले आम्ही मजुरीत घासाघीस करत होतो. मालेगावात माग अडला तर कारागीर धोटा, कांडी, पट्टा पाहतो, मोटरला शेवटी हात लावतो. तिथे आम्हाला ते शहाणपण वाटते. गॅरेजवाला पार्ट विकतो, कारण आम्ही गिऱ्हाईक पार्टचेच पैसे राजीखुशीने देतो. दोष शोधण्याच्या हुनराची किंमत फुकट धरली, तर उद्या चाचांचा मुलगाही दार न उघडताच मोटर बदलायला सांगेल आणि त्याला बोल लावण्याचे तोंड आम्हाला राहणार नाही.

कारागीर बांधवांनी पावतीवर 'तपासणी' अशी वेगळी ओळ लिहावी व तिचा आकार दाराला हात लावण्याआधी सांगावा, असे आमचे मत आहे. चाचांना आम्ही मोटर बसवण्याची जी मजुरी गॅरेजमध्ये ठरली होती, तेवढी दिली. डाव्या दाराची काचही आता जड चालते. पुढच्या आठवड्यात गाडी पुन्हा त्यांच्याकडे नेणार आहोत.