डंबेल फ्लाय : छाती कमवा, पण खांदे सांभाळा

जिम सुरू करून महिना झाला की आरशातली छाती खुणावू लागते. मग बेंच प्रेसला घेतो तेवढंच वजन घेऊन डंबेल फ्लाय सुरू होतं आणि दोन दिवसांत खांदा धरतो. दोष व्यायामाचा नसतो, वजनाचा असतो.

भरलेली बादली अंगालगत धरून पाहा, मग हात लांब करून धरा. बादली तीच, पण खांद्यावरचा भार कितीतरी वाढतो. फ्लायमध्येही हेच होतं. प्रेसमध्ये दंडामागचे स्नायू मदतीला येतात. इथे कोपराचा कोन बदलत नाही, त्यामुळे मुख्य काम छातीच्या मोठ्या स्नायूवर पडतं. म्हणून सुरुवात १ ते २ किलोंपासून करा. डंबेल नसतील तर १ लिटरच्या भरलेल्या बाटल्याही चालतील.

असं करा

१. आधी ५ मिनिटं खांदे गोल फिरवा, भिंतीला टेकून काही पुश-अप्स करा.

२. बेंचवर बसून डंबेल मांड्यांवर ठेवा. ते छातीशी धरूनच आडवे व्हा. पावलं जमिनीवर घट्ट टेकवा.

३. खांद्याची पाती मागे ओढून बेंचला टेकवा. हात छातीच्या वर न्या. तळवे समोरासमोर, कोपरं किंचित वाकलेली.

४. श्वास घेत २ ते ३ सेकंदांत हात बाजूंना उघडा. कोपरं खांद्यांच्या पातळीला आली की थांबा.

५. श्वास सोडत, जाड झाडाला मिठी मारावी तसे हात वर आणा. डंबेल एकमेकांवर आपटू नका.

अशी १० ते १२ आवर्तनं, २ सेट. मध्ये मिनिटभर विश्रांती. आठवड्यातून दोनदा पुरे.

या चुका टाळा

कोपरं ताठ करणं, हात फार खाली नेणं, झटका देणं आणि श्वास रोखणं. श्वास रोखल्याने रक्तदाब एकदम वाढतो. सेट संपल्यावर थकलेले हात बाजूला टाकू नका. डंबेल छातीशी आणा आणि मगच उठा.

घरी एकटे असाल तर जमिनीवर चटई टाकून करा. कोपरं जमिनीला टेकतात, त्यामुळे खांदा गरजेपेक्षा जास्त ताणला जात नाही. नवख्यांसाठी आणि ज्येष्ठांसाठी हीच पद्धत बरी.

कधी थांबायचं?

छातीच्या स्नायूत ताण जाणवणं ठीक. खांद्याच्या पुढच्या बाजूला टोचलं तर लगेच थांबा. पूर्वी खांदा निखळला असेल, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. छातीवर दाब येऊन घाम फुटला, दम लागला किंवा कळ हातात, जबड्यात गेली, तर स्नायू दुखावला असेल म्हणून घरी बसू नका, ताबडतोब हॉस्पिटल गाठा.

दोन्ही सेटमध्ये १२ आवर्तनं न डगमगता जमू लागली की मगच वजन वाढवा, तेही थोडंसंच. छाती भरायला महिने लागतात, खांदा दुखावायला एक झटका पुरतो.