‘फरक सांगा’ नको, बाण काढायला सांगा!

सबमिशनचा सीझन आला की कम्प्युटर लॅबबाहेर एकच पाठांतर ऐकू येतं. ‘फॉर आणि व्हाइलमधला फरक सांगा.’ उत्तर ठरलेलं : किती वेळा फिरायचं ते माहीत असेल तर फॉर, नसेल तर व्हाइल. तेही इंग्रजीत, घडाघडा. मी मास कॉमची विद्यार्थिनी, तरी स्पष्ट सांगते : ओरलचा हा प्रश्न आता बदला. कारण कम्पायलर लूपकडे असं बघतच नाही.

सी भाषेचा ‘क्लँग’ कम्पायलर घ्या. आधी तो कोडची झाडासारखी रचना करतो. तिथे फॉर आणि व्हाइल वेगवेगळे दिसतात. पण पुढे एलएलव्हीएमच्या मधल्या भाषेत लूप नावाची सूचनाच उरत नाही. उरतात सलग चालणाऱ्या सूचनांचे ठोकळे आणि ‘अट खरी तर इकडे, नाहीतर तिकडे’ अशा उड्या. वर्गात ज्या ‘गोटू’ला बंदी, त्याचंच आत राज्य! मग लूप ओळखायचा कसा? मागे वळणाऱ्या बाणावरून. तो बाण ज्या ठोकळ्यावर परत येतो, तोच लूपचा दरवाजा. त्यातून गेल्याशिवाय आत शिरता येत नाही. अशा आकृत्यांवरून प्रोग्रॅमचं विश्लेषण करण्याचा पाया घालणाऱ्यांत फ्रान्सिस ॲलन होत्या. २००६ चं ट्युरिंग अवॉर्ड त्यांना मिळालं, आणि ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

याचा आपल्याला उपयोग काय? फॉरमध्ये ‘कंटिन्यू’ आलं, तरी ‘आय प्लस प्लस’ होतंच. तोच लूप व्हाइलमध्ये लिहून ‘आय प्लस प्लस’ शेवटी ठेवलं, तर कंटिन्यू त्याला ओलांडून थेट अटीकडे जातं. आय तिथेच अडकतो आणि प्रोग्रॅम गरगर फिरत बसतो. पाठ केलेल्या व्याख्येत हे कुठेच नसतं. चार चौकोन आणि बाण काढले की लगेच दिसतं.

‘फर्स्ट इयरला हे जड जाईल’ असं कुणी म्हणेल. अहो, कागद-पेन पुरतं! उलट मराठी मीडियममधून आलेल्या कित्येकांना लॉजिक येत असतं, अडतं ते इंग्रजी वाक्यापाशी. बाणाला कुठलं आलंय मीडियम? ज्याला समजलंय, तो काढून दाखवेल. ज्याने फक्त रट्टा मारलाय, तो तिथेच अडकेल.

ओरल नेमकी हेच तपासायला असते ना?